अंबुबाईंचं पडणं

इंदिरानं साबणाचं पाणी पुन्हा एकदा आईच्या मनगटावर सोडलं आणि हिरव्या बांगड्या पुढे सरकवायला घेतल्या. उजव्या हातातल्या सहाच्या सहा निमूट निघाल्या होत्या. डावा हात मात्र सुजून टम्म झाला होता. अंगठ्याच्या मुळाशी बांगडी अडली की अंबुबाई डोळे मिटून घेत आणि ओठ आत ओढत, पण तोंडातून आवाज काढत नसत. एक्स-रेच्या खोलीतला माणूस दारातून दोनदा डोकावून गेला होता.

"फोडू नको गं इंदू. नवरा बसलाय माझा अजून."

"फोडत नाही आई. बोटं सोड ना जरा. स्वल्प सैल."

तिसऱ्या बांगडीला कट्‌कन आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे फरशीवर पडले. "वाढली," इंदिरा घाईघाईनं म्हणाली, कारण बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. मग तिनं आईकडे न बघताच उरलेल्या तिन्ही रुमालात धरल्या आणि त्याही वाढवून टाकल्या. अंबुबाईंनी आपल्या ओक्याबोक्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली घेतला.

गेल्या महिन्याभरात त्या तीनदा पडल्या होत्या. उभ्या उभ्या नजर एका जागी थांबायची, उजव्या हाताची बोटं पदराची कड चाचपत राहायची, आणि मग बाई धाडकन जमिनीवर. आदल्या दुपारी म्हैसूरमधल्या नजरबादच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याशी तेच झालं. अप्पा, तिचे वडील, घरी नव्हते. येलवालच्या शाळेत खेळांच्या बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून गेले होते. शेजारणीनं फोन केला, इंदिरा ऑफिसातून तशीच निघाली आणि आईला रिक्षात घालून आपल्या घराजवळ, चामराजपुरमच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात अप्पांना न विचारता केलेली गोष्ट म्हणून तिला दुसरी पटकन आठवली नसती.

डॉक्टर शेषगिरींनी सगळ्या फिल्म उजेडाच्या पेटीवर ओळीनं लावल्या तेव्हा खोलीत ते दोघंच होते. डॉक्टर इंदिराहून दोन-चार वर्षांनी मोठे असतील. बराच वेळ ते पेन्सिलीचं टोक एका हाडावरून दुसऱ्या हाडावर नेत राहिले.

"आई याआधी कधी पडल्या होत्या?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

इंदिराला हसूच आलं. "आईचं पडणं अख्ख्या नजरबादला ठाऊक आहे, डॉक्टर."

आणि तिनं सांगितलं. ही गोष्ट सांगायला तिला आवडायचं. घरात लोक आले की ती अंगात आल्यासारखी सांगायची, शाळेत तर निबंधातसुद्धा लिहिली होती. चामुंडीचा डोंगर, म्हणजे त्यांच्या घरातल्या भाषेत बेट्ट. आषाढातल्या शुक्रवारी त्याच्या हजार पायऱ्यांवर, एकेका पायरीला वाकून, हळद-कुंकू लावत वर जायचं. बायका नवस फेडायला एखाद्या वर्षी जातात. अंबुबाई दर वर्षी जायच्या. तीनदा त्या पायऱ्यांवरून पडल्या, आणि तिन्ही वेळा हाताला फडकं बांधून, डोळा काळानिळा असताना पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेल्या. देवी एवढी परीक्षा बघते ती काय उगीच, असं म्हणत गल्लीतल्या बायका त्यांच्या पाया पडायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले की ओटी भरायला पहिलं बोलावणं अंबुबाईंना.

"पहिल्यांदा पडली तेव्हा मी बरोबर होते. दुसरीत होते. मीच धावत खाली जाऊन माणसं आणली."

"तीनदा पडल्या," डॉक्टर म्हणाले.

"तीनदा."

"या बरगड्या बघा. ही खूप जुनी. ही तिच्यानंतरची. ही आणखी नंतरची. जबड्याचं हाड मोडून जुळलंय. डावा कान जवळजवळ गेलाय, पडदा फाटलेला आहे. तीनदा पडून एवढं होत नाही, इंदिराबाई. सात-आठ वेळा तरी." त्यांनी पेन्सिल खाली आणली. "आणि हे हाताचं. माणूस पडताना हात टेकतो, तेव्हा मनगट मोडतं. काल तसंच झालंय. पण हे जुनं मोडलेलं हाड मध्यावर मोडलंय." त्यांनी आपला डावा हात चेहऱ्यासमोर आडवा उचलला, आणि मग एकदम लाजल्यासारखा खाली घेतला. "हात असा धरला, तर तिथं मोडतं."

इंदिरा त्यांच्या हाताकडे बघत राहिली. 

"उजव्या दंडावर चार बोटांचे वळ आहेत. चार-पाच दिवसांपूर्वीचे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पाहिले असतील."

तिनं पाहिले नव्हते. अंबुबाई कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालत. उन्हाळ्यातही घालत, आणि जुन्या वळणाची बाई म्हणून त्याचंही गल्लीत कौतुक होतं.

"त्या स्वतः बोलल्या तर मी लिहू शकतो," डॉक्टर म्हणाले. "मार कसला, केव्हाचा, ते कळलं तर उपचारही नीट करता येतील. त्यांना त्या घरी पाठवायचं नाही असं लिहीन मी. डोक्याला आणखी एक फटका बसला तर त्या वाचणार नाहीत, हे तुम्हाला स्पष्ट सांगतो. पण नुसत्या संशयावर काय लिहू? आणि कुणाबद्दल लिहू?" त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मला मार्चपास्ट मेष्ट्रांनीच शिकवलाय."

मेष्ट्र म्हणजे मास्तर. अर्ध्या म्हैसूरचे मास्तर असलेले भुजंगराव, इंदिराचे वडील, पस्तीस वर्षं शाळेत ड्रिल शिकवत होते. टिपू-हैदरच्या काळापासून फौजेत असलेल्या घराण्यातले म्हणून छाती तशीच पुढे. सत्तरी आली तरी पाठ वाकली नव्हती. बाहेर त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता.

इंदिरा बाहेर येऊन बाकावर बसली. तिला आठवायचं नव्हतं, पण आता आठवणीला कोण अडवणार.

त्या शुक्रवारी आईनं तिला उजाडता उजाडता उठवलं होतं. आईनं डावा हात पदराखाली पोटाशी धरला होता, घरातून निघतानाच धरला होता. पायऱ्यांवर ती एकाच हातानं वाकत होती, उजव्या. शंभरेक पायऱ्या झाल्यावर ती म्हणाली, इंदू, तू पुढं जा, पायऱ्या मोजत जा. इंदू दहा-बारा पायऱ्या गेली आणि आकडा विसरला म्हणून मागे वळली. आई वरखाली बघत होती. वाटेवर कुणी नव्हतं. मग आई खाली बसली. लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओढून घेतला. कुंकवाचं ताट बाजूच्या पायरीवर जपून ठेवलं, आणि मग हातानंच उपडं केलं. मग कुशीवर आडवी झाली, त्या डाव्या हातावर, आणि ओरडली. तो ओरडा खरा होता. इंदू "आई पडली, आई पडली" करत खाली पळत सुटली. तेव्हापासून तेहेतीस वर्षं ती तेच सांगत आली होती. ताट आधी जपून ठेवलं होतं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आज सकाळीही तिनं तेच सांगितलं होतं, वर हसून. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

दुपारी डॉक्टर अंबुबाईंच्या खाटेशी आले. उजव्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून घेऊन बसले आणि त्यांना सोप्या कन्नडमध्ये सांगायला लागले. डोक्याला कधीतरी मार लागला की आत वण राहतो. वरून काही दिसत नाही. माणूस चालतोबोलतो, संसार करतो. नुसतं डोकं दुखत राहतं, ते कुणी मनावर घेत नाही. आणि वीस वर्षांनी, तीस वर्षांनी त्या वणातून असे झटके सुरू होतात.

अंबुबाई ऐकत होत्या. डॉक्टरांचं बोलणं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लहानपणी लागलं असलं तरी?"

"लहानपणी लागलं तर जास्तच, अम्मा. तुम्हाला लहानपणी लागलं होतं?"

अंबुबाईंनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. पण आई बोलायला लागली या आशेनं इंदिरा खाटेच्या कडेवर पुढे सरकली. अंबुबाईंनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि पुन्हा आडव्या झाल्या.

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला भुजंगराव आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. दारातली नर्स उठून उभी राहिली, तिचा बाप त्यांचा विद्यार्थी निघाला. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मुलानं नमस्कार केला. शेषगिरी फेरीवर होते, तेही खुर्चीतून अर्धवट उठले आणि उठलो हे लक्षात आल्यावर तसेच उभे राहिले.

"शेषू, आमची मंडळी लवकर बरी कर रे बाबा," भुजंगराव म्हणाले. "घर खायला उठतंय. सारू-भात मीच केलाय आज, मीठ जास्त झालं असेल तर हसू नका."

सगळे हसले. त्यांनी डबा उघडून ठेवला आणि अंबुबाईंची उशी नीट करायला हात पुढे केला. त्या हाताबरोबर अंबुबाईंची मान खांद्यात गेली, जेमतेम बोटभर. इंदिरानं हे आयुष्यभर पाहिलं होतं. आई अप्पांची किती मर्यादा राखते, असं तिला वाटायचं.

"अप्पा, मी आईला महिनाभर माझ्याकडं नेते," ती म्हणाली. तिनं खाटेचा गज घट्ट धरला होता. "पुढची खोली मोकळी केलीय यांनी."

"कशाला? तुझं ऑफिस, पोरांच्या परीक्षा. मी रिकामाच बसलोय की." ते हसत होते. "जावयाच्या दारात जाऊन पडायची काय वेळ आलीय आमच्यावर? महादेवराव भले माणूस आहेत, म्हणून काय झालं. उद्या दहाला मी रिक्षा घेऊन येतो. काय गं अंबू?"

"घरीच जाते," अंबुबाई म्हणाल्या.

भुजंगरावांनी लेकीकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी मायेनं पाहिलं. आणि इंदिरानं डब्याचं झाकण लावायला घेतलं. हे काय होतंय आपल्याला, असं तिला वाटलं. ऑफिसात चार पुरुषांना धारेवर धरणारी बाई मी, मला बोलता का येत नाही?

ते गेल्यावर तिनं खाटेभोवतीचा पडदा ओढला.

"आई, त्या दिवशी बेट्टावर तू ताट आधी बाजूला ठेवलंस."

"कुठलं ताट?"

"कुंकवाचं. मी वरच्या पायरीवर उभी होते. ताट ठेवलंस, मग सांडलंस, मग झोपलीस. तुझा हात आधीच मोडला होता. घरी मोडला होता."

अंबुबाईंनी नजर छताकडे नेली.

"तेव्हा सात वर्षांची होतीस तू," त्या म्हणाल्या. "सगळं बघितलंस, तर इतकी वर्षं का बोलली नाहीस?"

 तिनं आईचा चांगला हात हातात घेतला, आणि तिला रडू फुटलं.

"चुकलं माझं. पण आता बोल. डॉक्टरांना सांग. दोन शब्द सांग आई, बाकीचं मी बघते."

"बेड. नको."

"का पण? कशासाठी त्यांना झाकतेस अजून?"

"त्यांना कोण झाकतंय." अंबुबाईंचा आवाज अगदी खाली आला. "देवीच्या पायरीवर झोपून खोटं बोलले मी. एकदा नाही, तीनदा. कुणाला संशय येऊ नये म्हणून तिचं नाव घेतलं. नंतर दर वर्षी गेले ते काय नवस होता म्हणून? माफी मागायला गेले. आणि बायका इकडं माझ्या पाया पडतात. त्यांच्या पोरीबाळींच्या ओट्या मी भरल्यात, इंदू. आता त्यांना काय सांगू, की ते सगळं नाटक होतं म्हणून? साकु गं, पुरे झालं. राहिलेत किती दिवस."

"तू मरशील आई. डॉक्टर म्हणालेत. आणखी एक फटका आणि संपलं."

"संपू दे की."

हे तिनं इतकं सहज म्हटलं की इंदिराला संताप आला. आईचा, अप्पांचा, नजरबादच्या सगळ्या बायकांचा, आणि सगळ्यांत जास्त त्या धावत सुटलेल्या पोरीचा. ती बोलत राहिली. पाया पडते म्हणाली, शपथ घातली, मी तुझं तोंड बघणार नाही म्हणाली आणि लगेच तसं नाही म्हणाली. आई ऐकत होती की डावा कान वर करून पडली होती, हेसुद्धा कळेना. शेवटी तिनं हात टेकले.

आणि मग तिचं डोकं दुखायला लागलं. नेहमीसारखंच, उजव्या कानामागून वर चढत. तिनं कपाळ खाटेच्या गार गजावर टेकलं. दिव्याचा उजेड सहन होईना. थोड्या वेळानं ती उठली, भिंतीशी लावलेल्या बेसिनपर्यंत कशीबशी गेली, आणि ओकली.

वळली तेव्हा अंबुबाई खाटेवर उठून बसल्या होत्या.

"काय होतंय तुला?"

"काही नाही. जेवले नाही ना दुपारी. पित्त आहे."

"उलटी नेहमी होते?"

"कधी कधी. झोपून राहिलं की दोन दिवसांत जातं. चष्म्याचा नंबर बघायला हवा एकदा."

"कधीपासून?"

"कॉलेजात होते तेव्हापासून डोकं दुखतंय की माझं. तुला माहीत आहे."

"उलटी होते ते माहीत नव्हतं." अंबुबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "दिवाळीत भाजी चिरताना थांबलीस तू. सुरी हातात धरून. मी दोनदा हाक मारली."

"कसल्या तरी विचारात असेन. झोप आता, आई."

पण अंबुबाई आडव्या झाल्या नाहीत. इंदिरा रुमाल ओला करून डोळ्यांवर घेऊन बसली. मध्ये एकदा तिला वाटलं, आईचा हात आपल्या केसांतून फिरतोय, उजव्या कानामागे काहीतरी शोधल्यासारखा. तिथं तिच्या टाळूला एक बारीकशी खळगी होती. जन्मापासूनचीच आहे असं घरात सगळे सांगत. तिनं डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता भुजंगराव दारात हजर. रिक्षा खाली उभी होती. त्यांनी येतानाच नर्सच्या हातात सफरचंदांची पिशवी दिली होती. इंदिरानं आईची दोन पातळं, फणी, औषधांची पाकिटं पिशवीत भरली. हात भरत होते, एवढंच. मध्येच आईची फणी तिनं पिशवीतून बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली. अंबुबाई पाय खाली सोडून खाटेवर बसल्या होत्या, डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत.

शेषगिरी कागद घेऊन आले. खुर्चीवर बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि सही करण्याआधी कागदावरून नजर वर केली.

"अम्मा, मला एकदा लिहून घ्यावं लागतं. ही जुनी सगळी हाडं कशी मोडली?"

भुजंगराव बायकोची पायताणं सरळ करून ठेवत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"पायऱ्यांवरून पडले," अंबुबाई म्हणाल्या.

डॉक्टर मग खाली वाकून लिहायला लागले. इंदिरानं पिशवीची चेन ओढली. ती मध्येच अडकली, तिनं पुन्हा ओढली. आता एवढंच उरलंय, असं तिच्या मनात आलं. फोन येईल, मी धावत जाईन, आणि या वेळी आई उठणार नाही. लोक येतील, पाया पडतील. त्यांना काय झालं ते मीच सांगेन, आजवर सांगत आले तसंच.

"डॉक्टर," अंबुबाई म्हणाल्या. "माझं झालं. आता हिचा फोटो काढा."

"कुणाचा?"

"माझ्या लेकीचा. डोक्याचा. तो तुमचा उजेडाचा."

"आई, काय हे? मला काय झालंय?"

अंबुबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या डॉक्टरांशीच बोलत होत्या, एकेक शब्द ठेवत.

"वीस वर्षांपासून हिचं डोकं दुखतंय. उलट्या होतात. मध्येच थांबते, हाक ऐकू येत नाही तिला. तुम्ही काल म्हणालात ना, लहानपणी लागलं तर जास्त म्हणून. उजव्या कानामागं बघा."

डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच राहिलं. "याही पडल्या होत्या? पायऱ्यांवरून?"

"नाही," अंबुबाई म्हणाल्या. "ही कधीच पडली नाही. तोवर मी हिला पायऱ्यांवर नेलंही नव्हतं. चार वर्षांची होती. घरातच लागलं." त्यांनी श्वास घेतला. "रडत होती म्हणून."

इंदिराचा हात तिच्या नकळत कानामागे गेला. पिशवी कधी खाली पडली ते तिला कळलं नाही.

"अंबू, काय बरळतेस?" भुजंगराव हसत सरळ झाले. त्यांनी नर्सकडे पाहिलं, बाजूच्या खाटेवरच्या माणसांकडे पाहिलं. "औषधांनी भ्रमिष्ट झालीय बघ रे शेषू. चल, रिक्षावाला खोळंबलाय." त्यांनी तिच्या दंडाकडे हात नेला.

शेषगिरी उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलून मध्ये, त्या हाताच्या आणि खाटेच्या मध्ये ठेवली. इंदिराला म्हणाले, "बसा." मग सही न केलेला कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"चार वर्षांच्या होत्या म्हणालात, अम्मा. दिवस कुठला होता?"

"चल म्हणतोय ना," भुजंगराव म्हणाले. आवाज अजूनही चढला नव्हता.

अंबुबाईंची मान खांद्यात गेली होती. ती तशीच ठेवून त्या लेकीच्या बाजूला सरकल्या आणि प्लास्टरमधला हात त्यांनी तिच्या मांडीवर टेकला.

"थांबा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझं सांगून व्हायचंय."